वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दुर्गाघाट येथील सभेत दिलेले व्याख्यान. मजकूर वक्त्यांनी स्वतः तपासून दिला आहे.)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, पेशवेकालीन काशीवर, नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली. त्या मालिकेत मी विजेच्या जनित्राचा विषय सुचवला, तेव्हा आपले चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, विषय जरा रुक्ष नाही का होणार?" मी म्हटले, "उजेड असेपर्यंत होईल खरा."

मी अभियंता नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि पुढचे सारे आयुष्य फायलींच्या सोबतीत गेले. यंत्रांशी माझा संबंध आला तो त्यांच्या खरेदीची टिपणे लिहिणारा आणि देखभालीच्या बिलांवर सही करणारा माणूस या नात्याने. परंतु त्यांतल्या एका सहीने मला हा विषय शिकावयास लावले. ती हकीकत यथाक्रम सांगेन.

विषय निवडण्यास तात्कालिक कारणही आहे. आपल्या या वास्तूत एक जुने जनित्र आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त एका हितचिंतकांनी दुसरे देऊ केले आहे, आणि दोन्ही एकत्र जोडून चालवावी, म्हणजे उत्सवाच्या दिवसांत दुप्पट शक्ती मिळेल, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. वरच्या मजल्यावर आपले वृद्ध यात्रेकरू उतरतात, त्यांतील काहींना रात्री प्राणवायूचे यंत्र लागते. तेव्हा निर्णयापूर्वी हा विषय सर्वांनी समजून घ्यावा, एवढाच माझा हेतू आहे.

आपला हा दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्माघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांच्या खटपटीने उभे राहिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चार पावलांवर पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी सहस्रदीपस्तंभ आहे. कार्तिकी पौर्णिमेस तो उजळतो, तेव्हा त्याच्याकडे पाहताना माझ्या मनात एक कारकुनी विचार येतो. या स्तंभावरील एक पणती विझली तरी उरलेल्या विझत नाहीत. प्रत्येकीचे तेल वेगळे, वात वेगळी. आपण ज्या विजेवर आज जगतो तिचे तसे नाही. तेथे सर्व पणत्यांना जणू एकच तेल एका नळीने येते, आणि नळी तुटली की सारा स्तंभ एका क्षणात काळोखा होतो.

हे अनुभवाने कळले ते २०१२ साली. ३० जुलैच्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची सारी वीजजाळी कोसळली. बीना आणि ग्वाल्हेर यांमधली ४०० किलोव्होल्टची वाहिनी आधीच क्षमतेबाहेर भार वाहत होती. ती सुटली, तिचा भार इतर वाहिन्यांवर पडला, त्याही सुटल्या, आणि काही क्षणांत पंजाबपासून आपल्या काशीपर्यंत अंधार झाला. दुपारपर्यंत वीज परत आली. लोक निःश्वास टाकतात न टाकतात तोच दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैस दुपारी १ वाजता, पुन्हा तेच घडले, आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतही गेला. सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज एकाच वेळी गेली. आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. बंगालमधील कोळशाच्या खाणींत पाळणे बंद पडून कामगार खाली अडकले. पश्चिमेची जाळी मात्र वेगळी होऊन तगली, म्हणून त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे दिवे होते आणि इकडे आपण त्यांना दूरध्वनीवरून अंधाराचे वर्णन करीत होतो.

अशा वेळी इस्पितळात, दूरध्वनी केंद्रात, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काय घडावयास हवे? वीज गेल्यावर माणसाने धावत जाऊन जनित्राचा दांडा फिरवावा, हा काळ मागे पडला. आता भिंतीवरच्या एका पेटीत स्वयंचलित बदलकळ असते. तंत्रज्ञ तिला 'ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच' म्हणतात, आणि बाजारात नुसते 'ऑटो चेंजओव्हर' म्हणून मागितले तरी मिळते. तिचे काम एखाद्या दक्ष द्वारपालासारखे आहे. बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब ती सतत तपासत असते. तो ठरावीक मर्यादेखाली, साधारण ८५ टक्क्यांखाली गेला, तर ती लगेच धावाधाव करीत नाही. दोन-तीन सेकंद थांबते, कारण पुष्कळदा वीज डोळा मिचकावून परत येते. नाहीच आली, तर जनित्राच्या इंजिनाला सुरू होण्याची आज्ञा देते. इंजिन बॅटरीवर फिरते, पेट घेते, मिनिटास १५०० फेऱ्यांचा वेग गाठते. दाब आणि वारंवारता स्थिर झाली, की मगच ती कळ बाहेरची जोडणी तोडून जनित्राची जोडणी करते. इस्पितळातील जीवनावश्यक भारासाठी हे सारे दहा सेकंदांत झाले पाहिजे, असा अमेरिकेतील मानकाचा दंडक आहे, आणि आपल्याकडेही जाणते अभियंते तोच डोळ्यांपुढे ठेवतात.

यातील एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. कळ आधी तोडते आणि मग जोडते. बाहेरची वीज आणि जनित्राची वीज एकाच वेळी आपल्या तारांत असता कामा नये, म्हणून त्या पेटीत दोन्ही बाजूंमध्ये लोखंडी अडसर असतो. एक बाजू लागली असेल तर दुसरी हाताने ढकलूनही लागत नाही. या अडसराचे महत्त्व पुढे सांगतो. कारण त्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, आणि तो माणूस आपल्या घरातला नसतो.

बाहेरची वीज परत आल्यावरही ही कळ घाई करीत नाही. काही मिनिटे वाट पाहते, वीज टिकते की नाही याची खात्री करते, मग भार परत नेते. त्यानंतर इंजिन रिकामे पाच-एक मिनिटे फिरत राहते, कारण तापलेले यंत्र एकदम थांबवले तर त्याला इजा होते. स्वयंपाकघरातील तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. त्यातलाच हा प्रकार.

इथवर एका जनित्राची गोष्ट झाली. मोठ्या संस्थांत मात्र एकाऐवजी दोन किंवा अधिक जनित्रे असतात, आणि ती एकाच पट्टीला जोडून चालवतात. यालाच समांतर चालवणे म्हणतात. कारणे दोन. पहिले असे, की एक बंद पडले तर दुसरे निदान महत्त्वाचा भार सांभाळते. दुसरे असे, की रात्री भार कमी असला तर एकच चालवून डिझेल वाचवता येते. डिझेल इंजिन फार हलक्या भारावर तासन्तास चालले तर इंधन पुरते जळत नाही आणि धुराड्यात काजळी व तेलकट ओल साठते. म्हणजे यंत्राला रिकामपण बाधते. हे वाक्य सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडी शोभते की नाही, ते आपण ठरवा.

दोन जनित्रे जोडणे म्हणजे दोन नळांचे पाणी एका हौदात सोडणे, असे मला आधी वाटत असे. ती माझी मोठी चूक होती. हौदाला नळाची लय लागत नाही, विजेला लागते. आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलते. दोन्ही जनित्रांचा दाब सारखा हवा, वारंवारता सारखी हवी, तिन्ही फेजांचा क्रम सारखा हवा, आणि शेवटी दोन्हींच्या लाटांचे चढ-उतार त्याच क्षणी जुळले पाहिजेत. या चार अटी पुऱ्या होण्याआधी कोणी ब्रेकर ओढला, तर दोन्ही यंत्रे एकमेकांना हिसडा देऊन बळाने लयीत खेचतात. त्या हिसड्याने दांड्याची जोडणी तुटू शकते, आतील वेटोळी जळू शकतात. लाखो रुपयांचे यंत्र निकामी व्हावयास क्षणार्ध पुरतो.

काशीच्या श्रोत्यांना ही गोष्ट समजावणे सोपे आहे. बैठक सुरू होण्यापूर्वी तंबोरा जुळवताना आपण पाहिला आहे. जोडाच्या दोन तारा जवळजवळ सुरात आल्या, की आवाज लाटेसारखा वाढतो आणि ओसरतो. स्वर जसजसे जवळ येतात तसतशी ती लाट संथ होते, आणि पूर्ण जुळले की ती नाहीशी होते. जुने वीजतंत्रज्ञ हेच काम डोळ्यांनी करीत. दोन जनित्रांच्या सारख्या फेजांमध्ये ते एकेक दिवा लावीत. दोन्ही यंत्रांच्या वेगात फरक असेल तोवर तिन्ही दिवे एकदम उजळत आणि एकदम मावळत. वेग जुळत आला की ही उघडझाप सावकाश होई. दिवे पूर्ण विझले, की त्या क्षणी ब्रेकर लावावयाचा. दिवे एकदम न उजळता एकामागून एक उजळू लागले, तर फेजांचा क्रमच उलटा आहे असे समजून हात मागे घ्यावयाचा. काळोख हा येथे जुळल्याचा संकेत असतो, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटली. पुढे दिव्यांच्या जागी काटा फिरणारे उपकरण आले, आणि आता एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते. तत्त्व मात्र तंबोऱ्याचेच आहे.

दोन्ही यंत्रे एकदम सुरू झाली तर एक वेगळाच पेच येतो. पट्टीवर अजून वीज नाही, म्हणून जुळवून घ्यावयाचे कोणाशी? दोन्हींना वाटते मीच पहिला, आणि दोन्ही एकाच वेळी जोडली गेली तर तोच अनर्थ. म्हणून नियंत्रणात असा नियम घालावा लागतो, की आधी तयार होईल त्या एकानेच रिकाम्या पट्टीवर जावे, आणि दुसऱ्याने त्याच्या लयीशी जुळवून मग सामील व्हावे. एवढा संकेत आपल्या सभासंमेलनांत पाळला गेला असता तर कितीतरी मंडळांत फूट पडली नसती!

जोडल्यानंतर भार वाटून घेण्याचा प्रश्न येतो. पालखीच्या भोयांचे उदाहरण घ्या. दोघांची उंची आणि चाल सारखी असेल तर वजन सारखे पडते. एक जरा खाली वाकला की सारे ओझे त्याच्यावर येते. जनित्रात इंजिनाला किती डिझेल द्यावे हे गव्हर्नर ठरवतो. भार वाढला की वेग किंचित उतरावा, अशी त्याची मांडणी करतात. रिकामे असताना ५२ आवर्तने आणि पूर्ण भारावर ५०, अशी उतरण दोन्ही यंत्रांना सारखी दिली, तर ती आपापल्या ताकदीच्या प्रमाणात ओझे उचलतात. दाबाच्या नियामकांनाही असेच एकमेकांशी जुळवावे लागते. आणि एका इंजिनाला डिझेल कमी पडले, तर ते भार उचलणे सोडून देते आणि उलट दुसरे जनित्रच त्याला मोटारीसारखे फिरवू लागते. भोई पालखी खांद्यावर घेण्याऐवजी तिला लोंबकळू लागला, असे हे दृश्य. अशा उलट्या प्रवाहावर लक्ष ठेवणारा रिले असतो. तो त्या यंत्राला तत्काळ बाजूला काढतो.

साऱ्या देशाची वीजजाळी ही अशीच समांतर चालणारी यंत्रे आहेत, फक्त त्यांची संख्या प्रचंड आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेची जाळी उरलेल्या भारताशी जोडली गेली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारी जनित्रे एका लयीत फिरू लागली. दोन राक्षसी तंबोरे आपल्या सोलापुरात जुळले, म्हणा ना!

जनित्रांच्या धंद्याशीही महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ साली शंतनुरावांनी पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स आली. आज देशातील कोणत्याही गल्लीत जनित्राची धडधड ऐकू आली, तर पत्र्यावर पुण्याचे नाव सापडण्याचा संभव पुष्कळ. आपल्या काशीच्या तेव्हाच्या डिझेल रेल इंजिन कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली डिझेल इंजिने ही तरी काय? चाकांवर बसवलेली डिझेल जनित्रेच ती.

आता माझी हकीकत.

२०१२ साली मी उत्तर भारतातील एका शहरात, एका मोठ्या इस्पितळाच्या प्रशासन विभागात होतो. तेथे प्रत्येकी २५० केव्हीएची, म्हणजे २०० किलोवॅटची, दोन जनित्रे समांतर चालत. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि पंप हा जीवनावश्यक भार १८० किलोवॅटच्या आत बसवला होता. म्हणजे दोहोंतील कोणतेही एक बंद पडले तरी उरलेले एक तो पेलू शकावे. अभियंत्यांनी ही मांडणी मोठ्या विचाराने केली होती. आधीच्या वर्षी उन्हाळ्यात अधिकाऱ्यांच्या कक्षांतील वातानुकूलन वीज गेली की बंद पडते, अशी तक्रार आली. ते कक्षही जनित्राच्या पट्टीवर घ्यावेत, असे टिपण तयार झाले. कनिष्ठ अभियंत्याने त्यावर लिहिले होते, की असे केल्यास एक जनित्र बंद पडल्यावर दुसरे टिकणार नाही, तरी त्या फीडरला भार सोडणारा रिले बसवावा. रिलेचा खर्च त्या वर्षीच्या तरतुदीत बसत नव्हता. 'रिलेचा विचार पुढील आर्थिक वर्षात करावा, जोडणी तूर्त मंजूर' असा शेरा टिपणावर पडला. तो शेरा माझ्या हस्ताक्षरात होता.

३० जुलैच्या रात्री दोन्ही जनित्रे नियमाप्रमाणे सुरू झाली, जुळली, आणि दुपारपर्यंत अखंड चालली. सर्वांनी पाठ थोपटून घेतली. पण एवढा वेळ चालल्याने टाकीतील डिझेल तळाला गेले होते, आणि तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ व पाणी होते, इकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नवे डिझेल त्यावरच ओतले गेले आणि गाळ ढवळला गेला. ३१ तारखेस दुपारी पुन्हा वीज गेली. दोन्ही यंत्रे सुरू झाली. थोड्याच वेळात एकाची गाळणी तुंबली, इंजिन मंदावले, आणि उलट्या प्रवाहाच्या रिलेने त्याला बाजूला काढले. रिलेने आपले काम चोख केले. आता ३०० किलोवॅटचा भार एकट्या २०० किलोवॅटच्या यंत्रावर आला. त्याची वारंवारता कोसळली आणि तेही सुटले. सारे इस्पितळ अंधारात गेले.

अकरा मिनिटे. चालकाने हाताने अधिकारी कक्षांचा फीडर तोडला, दुसरे यंत्र पुन्हा चालू केले, आणि दिवे आले. अतिदक्षता विभागातील श्वसनयंत्रांपैकी एकाची बॅटरी जुनी झाली होती. त्या खाटेवरील वृद्ध बाईंना एका परिचारिकेने रबरी पिशवी हाताने दाबून श्वास पुरवला. मी धावत वर गेलो तेव्हा टॉर्चच्या प्रकाशात ती शांतपणे मोजत होती, "एक, दो, तीन", आणि पिशवी दाबत होती. मला पाहून म्हणाली, "साहब, टॉर्च पकड़िए।" उरलेला वेळ मी टॉर्च धरून उभा राहिलो. त्या बाई वाचल्या. चौकशीत डिझेलच्या गाळाचा ठपका ठेकेदारावर आला, आणि माझ्या शेऱ्यासंबंधी कोणी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

त्यानंतर मी हा विषय शिकू लागलो. त्या कनिष्ठ अभियंत्यांच्याच पायाशी बसून शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

हे फक्त जुन्या इस्पितळांतच घडते असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. बाहेरची जाळी कोसळली तर शहराने स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र घेऊन बेटासारखे वेगळे व्हावे, ही तिथली व्यवस्था एके काळी देशात वाखाणली जाई. त्या दिवशी ती तगली नाही. लोकल गाड्या थांबल्या, आणि ऐन करोनाच्या दिवसांत इस्पितळे जनित्रांवर आली. निदान आठ तास पुरेल एवढे डिझेल इस्पितळांनी ठेवावे, अशी सूचना पालिका आयुक्तांना द्यावी लागली. तेव्हा जनित्र विकत घेतले म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. बॅटरी, गाळणी, डिझेल आणि नियमित परीक्षा यांवाचून ते नुसते लोखंड आहे.

आता आपल्या वास्तूकडे वळतो.

पहिली गोष्ट, आपली दोन जनित्रे समांतर जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक जुने, एक नवे. दोन्हींचे गव्हर्नर वेगळ्या जातीचे, ताकद वेगळी. त्यांना जुळवावयाची, भार वाटावयाची आणि उलटा प्रवाह ओळखावयाची सामग्री बसवण्याचा खर्च कदाचित नव्या यंत्राइतकाच होईल, आणि ती सांभाळण्यास जाणता चालक आपल्याकडे नाही. त्याऐवजी भार वाटून टाकावा. नव्या यंत्रावर वरचा मजला, जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप द्यावा. त्याला स्वयंचलित बदलकळ असावी. जुन्यावर सभागृह आणि उत्सवाची रोषणाई द्यावी. त्याला हाताचा चेंजओव्हर पुरे. रोषणाई बंद पडली तर आरती समयांच्या उजेडात होईल. वरच्या मजल्यावरील प्राणवायूच्या यंत्राला तो मार्ग नाही. शिवाय पहिल्या दहा सेकंदांची सोय म्हणून त्या यंत्राशी बॅटरीचा इन्व्हर्टर आणि एक भरलेला सिलिंडर ठेवावाच.

दुसरी गोष्ट जागेची. नदीकडील तळखोली रिकामी आहे, तेथे जनित्र ठेवावे, अशी सूचना आहे. १९७८ साली गंगेचे पाणी काशीत ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. धोक्याची पातळी ७१.२६२ आहे. पूर येतो तेव्हाच वीज तोडली जाते, म्हणजे जनित्राची गरज असेल नेमके त्याच वेळी ते पाण्याखाली जाण्याचे भय. आतल्या चौकात ठेवावे, तर त्याहून मोठे भय आहे. वाड्याच्या चौकात धूर कोंडतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. झोपलेला माणूस जागा होत नाही. म्हणून जनित्र आवाज कोंडणाऱ्या पेटीसह गच्चीवर किंवा उघड्या बाजूस असावे, आणि धुराडे सर्व खिडक्यांच्या वर न्यावे. गच्ची ते वजन पेलेल का, हे आधी स्थापत्य अभियंत्यास विचारावे. आपल्या गल्लीतून ते आणावयाचे कसे, हा प्रश्न मी तरुण सभासदांच्या खांद्यांवर सोपवतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उत्सवाच्या गडबडीत जनित्राची तार एखाद्या प्लगात खोचून सारे घर उजळवण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. बाहेरची मुख्य कळ कोणी बंद केली आहे की नाही, हे त्या गडबडीत कोण पाहतो? ती चालू राहिली, तर आपल्या जनित्राची २३० व्होल्टची वीज गल्लीतील रोहित्रापर्यंत उलटी जाते, आणि रोहित्र तिला ११,००० व्होल्ट करून पुढे पाठवते. तिकडे वीज मंडळाचा लाइनमन 'वीज बंद आहे' या समजुतीने तारेला हात घालतो. जुन्या काशीच्या बऱ्याच भागातील तारांचे जाळे गेल्या दशकात जमिनीखाली गेले, पण पेटीशी बसून काम करणारा माणूस तर तसाच उघड्या हातांचा आहे. बदलकळीतील तो लोखंडी अडसर त्याच्यासाठी आहे. आपण त्याचे नाव जाणत नाही, तोही आपल्याला ओळखत नाही. तो आपलीच वीज आणावयास आलेला असतो. म्हणून परवानाधारक तंत्रज्ञाकडून बदलकळ बसवून घेतल्यावाचून आणि विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या नियमांची पूर्तता केल्यावाचून जनित्राची एकही तार या वास्तूत जोडली जाऊ नये, असा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

चौथी गोष्ट परीक्षेची. महिन्यातून एकदा जनित्र निदान अर्धा तास खऱ्या भारावर चालवावे. नुसते रिकामे धडधडवून 'चालू स्थितीत आहे' असे नोंदवहीत लिहू नये. अशी वाक्ये मी कितीतरी वर्षे लिहिली आहेत, त्यांची किंमत मी जाणतो. बॅटरीचा दाब, डिझेलची पातळी, टाकीच्या तळाचे पाणी, गाळणी, या चार गोष्टी पाहून सही करावी. तारीख विसरू नये म्हणून दर संकष्टी चतुर्थीचा दिवस नेमावा. त्या संध्याकाळी चंद्रोदयापर्यंत सारे जण इथे जमतातच. मुख्य कळ बंद करावी, दहा सेकंद मोजावे आणि दिवे येतात का पाहावे. ज्या दिवशी दहाचे वीस होतील, त्या दिवशी प्रसादाआधी तंत्रज्ञास बोलवावे.

शेवटी एकच विचार मांडतो. आपल्यापैकी काहींची घराणी सात-आठ पिढ्या या घाटावर आहेत, आणि माझ्यासारखे काही बदलीच्या नोकरीने आलेले आहेत. आपण या शहराच्या लयीत मिसळलो, हिंदी बोललो, इथल्या सुखदुःखात उभे राहिलो. समांतर चालणारे जनित्र पट्टीची लय धरते, पण आपले इंजिन बंद करीत नाही. ते बंद केले तर ते जोडलेले दिसते खरे, परंतु दुसऱ्याच्या जोरावर नुसते फिरत असते. पन्नास वर्षे हे मंडळ स्वतःच्या इंधनावर चालले, याचे श्रेय ज्या वडीलधाऱ्यांना आहे त्यांना मी वंदन करतो.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर सही करण्याचा मान कार्यकारिणीने मला द्यावा, अशी इच्छा आहे. मात्र ती सही यंत्र भारावर चालताना, त्याच्यासमोर उभे राहून करीन.